नको त्या मेलचा बंदोबस्त

२ जून

इनबॉक्समध्ये न वाचलेले मेल चार हजारांच्या वर गेले. चष्मेवाल्याची चाल गुरुवारी आली होती, ती मला आज सापडली. गादीची ऑफर आणि गुडघ्याच्या पट्ट्याची ऑफर यांच्यामध्ये चेपून पडली होती बिचारी. मेल नेहमीसारखा त्रोटक. घोडा मारला, जागा आहेस ना?

म्हणजे माझा घोडा गुरुवारीच गेला होता आणि मी आजपर्यंत त्याच्या भरवशावर बेत आखत होतो.

पुढेमागे आत्मचरित्र लिहायची वेळ आली तर संदर्भ हाताशी असावेत, म्हणून नियम एकदा लिहून ठेवतो. चष्मेवाला हा माझा शाळेपासूनचा मित्र. चौकातलं चष्म्याचं दुकान त्याचं. पूर्वी आम्ही समोरासमोर बुद्धिबळ खेळायचो. एकदा त्याने उंटाला हात लावला आणि सोडला. मी म्हटलं, हात लावला म्हणजे हलवला. तो म्हणाला, धूळ झटकत होतो. दोन्ही घरच्या बायकांना मध्ये पडावं लागलं. तेव्हापासून चाल लेखी, मेलवर. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो तिथूनच पाठवतो. डाव चालू असेपर्यंत भेट नाही, फोन नाही, रस्त्यात दिसला तर पलीकडच्या फुटपाथने जायचं. एकमेकांच्या घरची बातमीसुद्धा कानांवर येऊ द्यायची नाही, कारण बातमीवरून मनःस्थिती कळते आणि मनःस्थितीवरून चाल. डाव संपला की हरलेल्याने जिंकलेल्याच्या घरी रविवारी जायचं, दारातच हात पुढे करायचा आणि पोटभर जेवून यायचं.

मागचे तीन डाव मी त्याच्याकडे जेवलो. हा डाव तो माझ्याकडे जेवणार.

संकल्प : इनबॉक्स स्वच्छ करणे. यापुढे एकही चाल कचऱ्यात जाता कामा नये.

३ जून

नको असलेल्या प्रत्येक मेलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'अनसबस्क्राइब' लिहिलेलं असतं. लोकांना हे माहीत नसतं. मला माहीत आहे. संध्याकाळभर बसून एकेकाला नम्रपणे कळवलं की आपले मेल यापुढे नकोत. काहींनी कारण विचारलं. मी कारणं लिहिली. गादीवाल्याला सविस्तर लिहिलं की आमच्याकडे गादी आहे, तिच्यावर एकच माणूस नीट झोपतो आणि तो मी नव्हे.

सभ्यपणे सांगितलं की जग ऐकतं.

५ जून

मेल दुप्पट झाले. गादीवाले कालपर्यंत एक होते, आज तीन. त्यातल्या एकाने 'खास जोडप्यांसाठी रुंद गादी' असं लिहिलंय. म्हणजे माझं खाजगी कारण त्यांनी आपापसांत वाटून घेतलं.

ऑफिसातल्या कम्प्युटरवाल्याला विचारलं. त्याला आम्ही वेधशाळा म्हणतो, कारण काहीही विचारा, तो 'शक्यता आहे' एवढंच सांगतो. तो म्हणाला, तुम्ही चोरांच्या दारोदार जाऊन सांगून आलात की आम्ही घरीच असतो, आता ते येण्याची शक्यता आहे. हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणे, तुम्ही आधी विचारलंच नाही. याला मी दोन वेळा स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं आहे.

८ जून

आज सगळ्याचा उगम सापडला. सकाळी मेल आला : प्रिय ग्राहक, आपल्या गुलाबी सँडल आरामदायक आहेत का?

माझ्याकडे गुलाबी सँडल नाहीत.

जेवताना विषय काढला. हिने भाजी वाढता वाढता शांतपणे सांगितलं की दुकानात काउंटरवर ईमेल विचारला की ती माझा देते. कन्याही माझाच देते. सासूबाईंना तर स्वतःचा फोन नंबर येत नाही, पण माझा ईमेल पाठ आहे. आणि हे आजचं नव्हे, वर्षानुवर्षं चालू आहे. मी म्हटलं, स्वतःचा का देत नाही? ही म्हणाली, अहो, आमचे इनबॉक्स उगाच भरतात. तुम्हाला तसंही कोण लिहितंय?

हिचा इनबॉक्स पाहिला. आरशासारखा लखलखीत. कुंपणच शेत खातं म्हणतात, इथे कुंपणाने शेत खाऊन वर ढेकरही दिला.

तुम्हाला कोण लिहितंय म्हणे! मला भरपूर लोक लिहितात. झोपण्यापूर्वी नावं आठवून पाहिली. चष्मेवाला. ऑफिस. चष्मेवाला.

११ जून

घरात परिपत्रक काढलं. यापुढे माझा पत्ता कोणालाही देऊ नये. फ्रिजवर लावलं. संध्याकाळी बघतो तर खाली कन्येच्या अक्षरात लिहिलंय, बाबा, हे ईमेल का नाही केलंत?

मुलं वाढवायची कशाला, असा प्रश्न पडतो.

१३ जून

नवा उपाय. दुकानांसाठी वेगळा पत्ता काढला. सगळा कचरा तिकडे, माझा इनबॉक्स मोकळा. इतकी साधी गोष्ट जगाला सुचत नाही!

१४ जून

नव्या पत्त्याचा पासवर्ड विसरलो. नवीन पासवर्ड जुन्या पत्त्यावर पाठवला आहे असं सांगतात. तिथे तो गाद्यांखाली कुठेतरी आहे.

१७ जून

चष्मेवाल्याची चाल आली. प्यादं पुढे, आणि खाली नेहमीचं खोचक वाक्य, की फार विचार करू नकोस, तुला झेपत नाही.

झेपत नाही! माझा राजा कोपऱ्यात आहे. पुढे तीन प्यादी, डावाच्या सुरुवातीपासून जागची हललेली नाहीत. मुंगी आत शिरणार नाही असा बंदोबस्त. राजाची चिंता नसल्यामुळे मी वजीर थेट पुढे पाठवला आणि त्याचा उंट खाल्ला. हाच तो धूळवाला उंट! आता फार तर तीन चाली. हिला सांगितलं, लवकरच एका रविवारी स्वयंपाक चार माणसांचा करायचा आहे. ही म्हणाली, मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात. बायकोचा विश्वास नवऱ्यावर नसतो, हा जगाचा अनुभव आहे.

१९ जून

आजचा घाव खोल आहे.

मेल आला. प्रिय ग्राहक, दोन चष्म्यांवर एक डबी फुकट. पाठवणारं दुकान कोणाचं? चष्मेवाल्याचं. मी प्रिय ग्राहक! सातवीत त्याचा पाय मोडला होता तेव्हा महिनाभर त्याचं दप्तर मी वाहिलं. तेव्हा नव्हतं कोणी प्रिय ग्राहक म्हणत.

दुकान वेगळं, मैत्री वेगळी. मी भावनेच्या आहारी जाणारा माणूस नाही. गादी, गुडघा, सँडल, चष्मा, सगळ्या दुकानांसमोर खुणा केल्या आणि एकदाच 'ब्लॉक' दाबलं. दाबताना बोटात जी शक्ती जाणवली, ती बऱ्याच वर्षांत जाणवली नव्हती.

मग 'मान्यवर' नावाची यादी केली. ज्यांचे मेल यायलाच हवेत अशी माणसं, बाकी सगळे बाहेर. पहिलं नाव चष्मेवाल्याचं घातलं. मनात राग असूनही. याला म्हणतात मोठेपणा.

ब्लॉक झालेल्यांना आणि यादीत नसलेल्यांना आपोआप उत्तर जावं अशीही सोय आहे. मजकूर स्वतः लिहिला. लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात उभी हयात गेली आहे, असले मजकूर मी झोपेत लिहितो. 'आपला मेल अनावश्यक आढळल्याने उघडण्यात आलेला नाही. कृपया पुन्हा तसदी घेऊ नये.' तसदी हा शब्द फार छान बसला.

२१ जून

इनबॉक्स रिकामा. शून्य! हिला हाक मारून दाखवला. ही पुन्हा पुन्हा पडद्याकडे बघून म्हणाली, काय बघायचंय? तेच तर बघायचं होतं.

२५ जून

चष्मेवाल्याची चाल नाही. घाम फुटला असणार. उंट गेल्यावर माणूस सैरभैर होतो.

२९ जून, रविवार

अजून नाही. आता मी त्याला ओळखतो. हरताना दिसलं की हा शाळेतही शौचालयात जाऊन बसायचा.

ही बाजारातून आली आणि म्हणाली, अहो, चष्मेवाल्या वहिनी भेटल्या होत्या, त्या विचारत होत्या की तुम्ही… मी ताबडतोब कानांवर उशी घेतली. डाव चालू आहे, त्यांच्या घरची बातमी नको. ही म्हणाली, अहो पण डावाचंच… मी उशी आणखी दाबली. आतल्या गोटातली माहिती घेऊन जिंकणाऱ्यातला मी नव्हे.

ही म्हणाली, बसा मग तसेच.

२ जुलै

स्मरणपत्र पाठवलं. ऑफिसच्या भाषेत, म्हणजे त्याला त्यातलं अंतर जाणवावं. 'आपल्याकडून अपेक्षित असलेली चाल अद्याप प्राप्त झालेली नाही. सत्वर पाठवावी.'

५ जुलै

मेल येतात की नाही याची खात्री करावी म्हणून स्वतःलाच एक पाठवला. स्वतःला काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'नमस्कार, कसे आहात?' एवढंच लिहिलं. लगेच उत्तर आलं. आपला मेल अनावश्यक आढळल्याने उघडण्यात आलेला नाही. कृपया पुन्हा तसदी घेऊ नये.

मान्यवरांच्या यादीत मी स्वतःला घालायला विसरलो होतो. क्षणभर फार वाईट वाटलं. मजकूर जरा लागतो. पण लागतो म्हणूनच तर शांतता आहे.

८ जुलै

असं यश घरात कोंडून ठेवणं बरं नव्हे. तक्रार विभागाच्या मेललाही हीच पद्धत लावली. विषय लिहिलेला नसेल, इमारतीचा क्रमांक नसेल, लिफ्टचा क्रमांक नसेल, तर मेल बाहेर आणि उत्तर आपोआप. वेधशाळा म्हणाला, यातून घोटाळा होण्याची शक्यता आहे. त्याचं सगळं आयुष्य शक्यतेत गेलं.

११ जुलै

तीन दिवसांत एकही तक्रार नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की आपल्या लिफ्ट इतक्या चांगल्या चालल्या आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. माझ्याकडे बघून मान डोलावली. हे चष्मेवाल्याला सांगायला हवं होतं. पण डाव चालू आहे.

१४ जुलै

दुसरं स्मरणपत्र. यात ऑफिसची भाषा सोडली. त्याला स्पष्ट विचारलं की तू भित्रा आहेस, की हरणं पचवायची ताकद नाही? बावीस वर्षं लेखी चाली करतोय, एकदा तरी मी चाल दडवली का? दगाबाज हा शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मेलमध्ये खोडलेलं दिसत नाही हे एक बरं.

पाठवून झाल्यावर पटाजवळ बसलो. पट खिडकीपाशी तसाच मांडलेला आहे. हिला तिथली धूळ झटकायलाही मनाई आहे. मला त्याचा राग आहे की काळजी वाटते, ते आज नीट कळलं नाही. राग असावा.

२१ जुलै

चष्मेवाला दिसला! बँकेच्या कोपऱ्यावर. वाळलेला वाटला. मी नियमाप्रमाणे पलीकडच्या फुटपाथवर गेलो. तर हा रस्ता ओलांडून माझ्याच दिशेने यायला लागला. हात वर करून काहीतरी म्हणतही होता. डाव चालू असताना! मी समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरलो आणि नळ बघायला लागलो. दुकानदाराने बारा तऱ्हेचे नळ दाखवले. काचेतून दिसत होता, दारापर्यंत आला, उभा राहिला, मग गेला.

नियम मोडण्याच्या पापातून मी त्याला वाचवलं. एक नळ घ्यावा लागला.

२४ जुलै

ऑफिसात तमाशा.

एक दातांचे डॉक्टर दुपारी थेट तक्रार विभागात आले. त्यांच्या इमारतीची लिफ्ट दोन आठवडे गचके देत होती. प्रत्येक गचक्याला त्यांनी एक मेल पाठवला होता. लिफ्टचा क्रमांक मात्र एकाही मेलमध्ये नव्हता. तो असतो लिफ्टच्या छतावर, पण नियम म्हणजे नियम. काल लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत डॉक्टर, आणि जबडा बधिर केलेला एक पेशंट, त्याला एक्स-रे काढायला खाली नेत होते. पेशंटला ओरडता येईना. डॉक्टरांनी आतून मेल केला, त्यालाही माझंच उत्तर गेलं. शेवटी इमारतीच्या वॉचमनने ओढून काढलं.

डॉक्टरांनी ते उत्तर साहेबांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'तसदी' या शब्दावर त्यांचा आवाज फाटला. मी सांगितलं, विषयाच्या जागी त्यांनी नुसतं 'अहो!!!' लिहिलं होतं, असल्या विषयावर कोणी काय कारवाई करावी? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. परवा ज्या मानेने डोलावलं होतं, तीच मान आता नकारार्थी हलत होती. घर फिरलं की वासेही फिरतात.

वेधशाळा कोपऱ्यात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर 'शक्यता आहे' असं लिहिलेलं होतं.

२८ जुलै

माझी बदली सुट्या भागांच्या गोदामात. तळघरात स्वतंत्र खोली आहे. खिडकी नाही, त्यामुळे लक्ष विचलित होत नाही. एक प्रकारे बढतीच. तिथे मेलही येत नाहीत. जे हवं ते लोक खाली येऊन घेऊन जातात.

हिला बढतीचं सांगितलं. हिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बढतीवर असं कोणी करत नाही.

३१ जुलै

फार वेळ दिला. चष्मेवाल्याला तिसरा आणि शेवटचा मेल. 'वेळेत चाल न केल्यामुळे डाव मी जिंकलो असं जाहीर करत आहे. येत्या रविवारी हात पुढे करून जेवायला हजर राहावे.' वहिनींनाही घेऊन ये, असं खाली लिहिलं. शेवटी माणूस आपलाच आहे.

३ ऑगस्ट, रविवार

हिला स्वयंपाक चार माणसांचा करायला सांगितला. ही म्हणाली, अहो, ते आज यायचे नाहीत, आज तर त्यांचं… मी हात वर केला. तो प्रत्यक्ष येऊन हात पुढे करेपर्यंत माझ्या दृष्टीने डाव चालूच आहे. ही ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. म्हणाली, तुमच्यापुढे डोकं फोडून घ्यायचं मी केव्हाच सोडलंय.

मग ही दोन तास कुठेशी जाऊन आली. मी नवा शर्ट घातला. दारात उभं राहून मी काय म्हणायचं ते ठरवलं. दिलदारपणे म्हणायचं, चांगला लढलास.

दोन वाजता भाजी गार झाली. तीन वाजता आम्ही दोघं जेवलो. कन्या मैत्रिणीकडे गेली होती.

दगाबाज. शाळेपासूनचा दगाबाज.

४ ऑगस्ट

कालचंच जेवलो. अजून उरलं आहे.

६ ऑगस्ट

नियम गेला खड्ड्यात, तोंडावर सांगून येतो म्हणून गोदामातून सुटल्यावर तडक दुकानात गेलो. पाटी नव्हती. आत रंगारी भिंतीला पांढरा रंग देत होता. चष्म्यांची काचेची कपाटं काढून टाकलेली. भिंतीवर फक्त अक्षरांचा तो तक्ता होता, वरचं अक्षर मोठं, मग लहान लहान होत जाणारी. रंगारी त्याच्या चारी बाजूंनी रंग लावत होता.

शेजारच्या शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, दुकान विकलं त्यांनी, रविवारी सकाळी मुलीकडे गेले, कायमचे. मग त्याने मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, तुम्हीच का हो ते बुद्धिबळवाले? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, इथूनच ते तुम्हाला मेल करायचे आणि तुमचं ते उत्तर आलं की आम्हाला वाचून दाखवायचे. अनावश्यक. पहिल्यांदा हसले. नंतर नुसतं वाचायचे. मशीनवर पाय ठेवून त्याने एक शिवण पूर्ण केली आणि म्हणाला, एवढं काय हरण्याचं मनाला लावून घ्यायचं, साहेब?

हरण्याचं? मी?

घरी येऊन हिला जाब विचारला. तुला ठाऊक होतं! ही म्हणाली, महिनाभर ठाऊक होतं. तुम्ही कानांवर उशी घेतलीत, हात वर केलात. वहिनींना निरोप द्यायला मी स्टेशनवर एकटी गेले. ते डब्याच्या दारात उभे होते, गाडी हलेपर्यंत फलाटाकडे बघत होते.

वेधशाळेला फोन केला. ब्लॉक आणि मान्यवर, दोन्हीत एकच माणूस असेल तर काय होतं? तो म्हणाला, पत्ता एकच असेल तर ब्लॉक वरचढ ठरतो. दुकानाचा आणि त्यांचा पत्ता एकच आहे का? या वेळी शक्यता आहे असं तो म्हणाला नाही.

ब्लॉक केलेल्या मेलचा वेगळा खण असतो. तो उघडला. गाद्या, गुडघे, गाद्या. मध्ये मध्ये तो.

२० जूनचा : हत्ती सरळ तुझ्या घरात. मात. रविवारी ये, वाट बघतो. वहिनीला म्हणावं मी तुला पोटभर खाऊ घालणार आहे.

२२ जूनचा : आला नाहीस. बरा आहेस ना?

त्यानंतरचा : तुझी उत्तरं आत्ता पाहिली. अनावश्यक? हे काय रे नवीन? हसून हसून मेलो. ये आता.

पुढचा : खरंच एवढं लागलं का तुला? बरं, बरोबरी धरू. नियमाने तूच यायला हवंस, पण तू म्हणशील तर मी येतो. फक्त नको म्हणू नकोस.

माझ्या दगाबाजच्या मेलनंतर चार दिवस काही नाही. मग : चाल कसली मागतोस? डाव संपलाय. पट बघ.

२१ जुलैचा : नळ घेतलास का?

२७ जुलैचा : दुकान दिलं. गुडघे उभे राहू देत नाहीत. पुढच्या रविवारी मुलीकडे निघतोय, परत यायचं नाही. त्याआधी एकदा ये. पट मांडायचा नाही, नुसतं बसू.

३ ऑगस्ट, सकाळी : गाडी दहाची आहे. येतोस?

प्रत्येकाच्या खाली माझं उत्तर. तेच ते. तितक्या वेळा.

खिडकीपाशी जाऊन पटावर त्याचा हत्ती मी स्वतःच्या हाताने हलवला. शेवटच्या ओळीत आणून ठेवला. मात होती. वजीर बाहेर गेला होता आणि राजाला हलायला जागा नव्हती, कारण पुढच्या तिन्ही घरांत माझीच प्यादी उभी होती. दीड महिना मी हा पट बघत होतो.

ही चहा घेऊन आली. मला रडताना पाहून पेला ठेवून गेली. धूळ झटकू का, असं तेवढं विचारलं.

८ ऑगस्ट

सगळ्या दुकानांवरचा ब्लॉक काढला. मान्यवरांची यादी पुसली. ते उत्तरही बंद केलं. त्याला मेल लिहिला. पहिला फार लांब झाला, त्यात वेधशाळा, उशी, दातांचे डॉक्टर, सगळं आलं. तो खोडला. दुसऱ्यात चूक कोणाची याचं निःपक्षपाती विवेचन केलं होतं, तोही खोडला. शेवटी लिहिलं, हरलो, हात पुढे केला आहे.

पाठवला आणि दोन मिनिटांत परत आला. हा पत्ता आता अस्तित्वात नाही.

१० ऑगस्ट, रविवार

धीर करून फोन केला. हिच्याकडून नंबर घेतला. बावीस वर्षांत डावाच्या संदर्भात केलेला पहिला फोन.

वहिनींनी उचलला. आवाज ओळखून म्हणाल्या, भावजी, बरे आहात ना? मी म्हटलं, तो आहे का? म्हणाल्या, हो, इथेच समोर बसलेत. मग फोनवर हात ठेवल्याचा आवाज. त्याचं खोकणं मला ओळखू आलं. परत आल्या आणि म्हणाल्या, आत्ता नको म्हणतात. मी म्हटलं, काही हरकत नाही, मला नुसतं लिहायचंय, दुकानाचा पत्ता बंद झालाय, नवा सांगा, मी लिहून घेतो. पेन हातात होतं.

पुन्हा फोनवर हात. या वेळी बराच वेळ.

मग वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, राग मानू नका हं भावजी. नवा पत्ता कोणाला द्यायचा नाही असं ठरवलंय त्यांनी. जुन्यावर म्हणे नको ते मेल फार यायला लागले होते.

मी म्हटलं, बरोबर आहे, काळजी घ्यायलाच हवी. ठेवतो म्हटलं आणि ठेवला.

इनबॉक्स पाहिला. गादीवाल्याचा एक मेल आहे. वाचला.